मोफत क्लच तपासणी

उरण फाट्याच्या पुलावर धर्मराज तांडेलची पिकअप चढेना, तेव्हा आधी त्याला वाटलं, वारा समोरून आहे. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी मात्र नवरीच्या चालीने सरकत होती. डाव्या बाजूने कुंड्यांची हातगाडी ढकलणारा एक माणूस पुढे निघून गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं आणि गाडीवाल्याला काही दुखतंखुपतं का, अशा नजरेने धर्मराजकडे बघत राहिला.

शेजारी त्याची बायको सगुणा बसली होती. ती म्हणाली, काहीतरी जळतंय. मागच्या हौद्यात सुकट, बोंबील आणि वाकट्यांच्या टोपल्या होत्या. जिचं सगळं आयुष्य सुक्या मासळीच्या वासात गेलं, तिच्या नाकाला वास आला म्हणजे तो साधासुधा नव्हता. धर्मराजने सांगितलं की कुणीतरी कचरा पेटवला असेल. मग तो कचरा नेरूळपर्यंत त्यांच्याबरोबर आला.

शिरवण्याला दत्तूचं गॅरेज आहे. दत्तूने गाडी हँडब्रेकवर उभी केली, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. खरं तर इंजिन धाडकन बंद पडायला हवं होतं. ते मजेत चालू राहिलं. दत्तूने चावी फिरवली, खाली उतरून हात पुसले आणि सांगितलं की प्लेट संपली. इंजिनाचा जोर चाकाकडे पोचवते ती प्लेट आता नुसती घसरतेय, इंजिन एकीकडे आणि चाकं एकीकडे. बदलावी लागेल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पुढे दत्तूने विचारलं, "कुठली टाकू?"

प्लेटा तीन तऱ्हेच्या मिळतात, असं त्याने समजावलं. एक कंपनीची साधी, पायाला हलकी, पण छळ सोसत नाही. दुसरी लोडवाली, पकड जबरदस्त, पण पेडल दाबताना मांडीत गोळा येतो. आणि तिसरी बटनवाली. ती लवकर झिजत नाही, पण लागते ती एकदम, त्यामुळे गाडी हिसका मारते. सकाळपर्यंत सांग म्हणजे गिअरबॉक्स उतरवून ठेवतो, असं म्हणून दत्तू दुसऱ्या गाडीखाली गेला.

दत्तूला धर्मराजची नीट माहिती नव्हती. करावे गावात कुणीही सांगितलं असतं की त्या माणसापुढे दोनपेक्षा जास्त वस्तू ठेवू नयेत. घराला रंग काढायचा होता तेव्हा त्याने नमुना म्हणून प्रत्येक भिंतीवर वेगळा रंग लावून घेतला होता, आणि मग कुठला बरा याची चौकशी सुरू केली होती. ती चौकशी अजून चालू आहे. पोस्टमनपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे त्या घराला शेडकार्ड म्हणतात. तो आळशी नव्हता, मूर्खही नव्हता. त्याला फक्त वाटायचं की या जगात कुणाला तरी नक्की बरोबर काय ते ठाऊक असणार, आणि तो माणूस आपण विचारायचा राहून गेला तर पंचाईत.

सगुणाचा स्वभाव उलटा. शुक्रवारपासून सीवूड्सच्या मैदानावर मासळी महोत्सव होता आणि तिला त्यात पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. टोप, शेगड्या, टेबलं, तांदळाच्या पिठाची पिंपं, सगळं पिकअपमधून न्यायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी गाडी दारात पायजे. कुठली प्लेट टाकता ते मना सांगू पन नका."

धर्मराजने विचारायला सुरुवात केली. जावयाने लोडवाली सांगितली, कारण नावातच जोर आहे. गावदेवीच्या देवळातल्या गुरवाने साधीच बरी म्हटलं, आणि देवाच्या कामाला अडलं नाही म्हणजे झालं, असंही म्हटलं. बर्फ पोचवणाऱ्याने शपथेवर बटनवाली सांगितली. धर्मराजची मुलगी नमिता बँकेत नोकरीला होती, तिने कामातून वेळ काढून एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुठल्याशा परदेशी गॅरेजातला एक लाल दाढीवाला क्लच खोलून दाखवत होता. धर्मराजने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि मग नमिताला फोन करून विचारलं की त्या दाढीवाल्याला आपल्याला काही विचारता येईल का.

बुधवारी सकाळी तो पामबीच रस्त्याच्या कडेने डोकं खाली घालून चालत होता, तेव्हा त्याला होनराव भेटले. जयप्रकाश होनराव मूळचे सोलापूरचे, सीवूड्सच्या एका सोसायटीत राहायचे. मशिनी बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी खात्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. कारखान्यात त्यांनी तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणी घेतली नव्हती, आणि घरी बसल्यावर खरेदी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. धर्मराजने प्लेटांची कथा सांगितली तसे त्यांचे डोळे चमकले.

त्यांनी सांगितलं की धर्मराजची पद्धतच चुकतेय. माणसाला विचारलं की तो आपलीच गाडी चांगली म्हणणार, सासुरवाडीची तक्रार पाहुण्यापुढे कोण करतं. तोंडाला विचारायचंच नाही. पायाला विचारायचं. तुर्भ्याच्या मार्केटला सगळ्या तऱ्हेच्या पिकअप उभ्या असतात. आपण जायचं, एकेकाचा क्लच दाबून बघायचा, पायाला जो पटेल त्याची प्लेट कुठली ते विचारायचं, की झालं.

धर्मराजला हे फार आवडलं. यात आणखी माणसं विचारायची सोय होती.

दोघं होनरावांच्या स्कूटरवरून तुर्भ्याला गेले. होनरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. पहिलाच पिकअपवाला कांद्याच्या गोणींवर टेकून तंबाखू मळत होता. होनरावांनी त्याला नमस्कार करून विचारलं की आम्ही जरा तुमचा क्लच दाबून बघू का. तो बराच वेळ दोघांकडे बघत राहिला. आयुष्यात त्याच्याकडे लोकांनी बरंच काही मागितलं असणार, पण हे कुणी मागितलं नव्हतं. शेवटी चावी आपल्या खिशात टाकून त्याने दार उघडलं.

धर्मराज चढून बसला. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. डोळे मिटले. "जड हाय," तो म्हणाला. "पाय वरती आल्यावर लागतो."

होनराव गंभीरपणे "हं" म्हणाले.

पिकअपवाल्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. त्याने हिंदीत विचारलं की जड आहे म्हणजे काही वाईट आहे का. धर्मराज म्हणाला की वाईट नाही, पण केबल कोरडी वाटतेय, तेल सोडून बघ. त्याने अंदाजानेच ठोकून दिलं होतं. पण तो माणूस लगेच वाकला, केबलीला तेल सोडलं, पेडल दाबलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने शेजारच्याला हाक मारली.

दुसऱ्याच्या गाडीत पेडल ढिलं निघालं, तिसऱ्याच्यात कुरकुरलं. चौथ्याने न विचारताच दार उघडून धरलं. आणि यानंतर जे झालं त्यात कुणाचा एकट्याचा दोष नाही. चहावाल्याने कुणाला तरी सांगितलं की कंपनीची माणसं आली आहेत. त्याने पुढे सांगताना सांगितलं की फुकट आहे. बटाट्याच्या गाळ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं मोफत क्लच तपासणी शिबिर झालं होतं, मोठे इंजिनिअर स्वतः आले होते, आणि संध्याकाळी बंद होणार होतं.

रांग लागली. पिकअप आल्या, छोटे टेम्पो आले, एक मोठा दहाचाकी ट्रकही येऊन मागे उभा राहिला. पार्किंगच्या पावत्या फाडणारा माणूस विचारपूस करायला आला. शिबिराला परवानगी कुणाची, असं त्याने दरडावून विचारलं, आणि होनरावांचं पेन बघून आवाज खाली आणला. मग त्याने स्वतःच रांग सरळ केली, मध्ये घुसणाऱ्यांना हाकललं, आणि शेवटी हळूच सांगितलं की मेव्हण्याचा टेम्पो आहे, जमलं तर मधेच बघून घ्या. चहावाल्याने होनरावांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली.

होनरावांनी धर्मराजच्या कानात विचारलं की यांना खरं काय ते सांगायचं का. धर्मराजला ते ऐकूच आलं नाही. तो एका गाडीतून उतरून दुसरीत चढत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं होतं. सगळ्या जन्मात तो दुसऱ्यांना विचारत आला होता. आता लोक त्याला विचारत होते. आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे उत्तर होतं. प्रत्येकाला होतं, लगेच होतं. तुझा तापट आहे, सावकाश सोडत जा. तुझा दमलाय, लोड कमी घाल. ह्याला काही झालेलं नाही, तुझ्या चपलेचा तळ झिजलाय, चप्पल बदल. तो एकदाही अडखळला नाही. माणसं हात जोडून जात होती. टोमॅटोवाल्याने एक क्रेट होनरावांच्या खुर्चीपाशी ठेवलं.

डावा पाय मात्र आता थरथरत होता. मांडी दगडासारखी झाली होती. धर्मराज दाराला धरून लंगडत पुढच्या पिकअपपाशी गेला, मालक कोण हे न बघताच चढला आणि पाय ठेवला.

पेडल आपण होऊन खाली गेलं. भिजवलेल्या तांदळाच्या पिठात बोट जावं तसं गेलं, जोर नाही, आवाज नाही, कुठे अडलं नाही. तो तसाच बसून राहिला. पाय वर घेतला, पुन्हा ठेवला. सकाळपासून दुखणाऱ्या मांडीला जणू कुणी तेल चोळत होतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न विचारता ठरवलं की हाच.

"ह्यो क्लच कोनाचा हाय?" त्याने मोठ्याने विचारलं.

"माजा," दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला.

तो नामा होता. दिवाळे गावचा नामा कोळी, धर्मराजचा सख्खा मामेभाऊ. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले, आणि आता बोलाचाली बंद. त्याचं कारण बोट. दोघांनी भागीत बोट घ्यायची ठरवली होती, आणि लाकडाची घ्यायची की फायबरची, हे धर्मराज वसईपासून अलिबागपर्यंत विचारत फिरला. वाट बघून बघून नामाने मेव्हण्याबरोबर फायबरची घेतली. धर्मराजला याचा फार राग आला, कारण त्याचं लाकडाचं जवळजवळ ठरत आलं होतं. नामाला याचा राग आला की हे त्याने बोट घेतल्यावर सांगितलं. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत एकाला मीठ हवं असलं तरी मध्ये तिसरा माणूस लागायचा.

आताही लागला. धर्मराज समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "साहेब, त्याला विचारा, प्लेट कुठली हाय."

होनरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नामा त्यांच्या शेजारीच उभा होता, तरी त्यांनी वळून त्याला तोच प्रश्न विचारला. नामा होनरावांच्या पेनाकडे बघत म्हणाला की प्लेटीचं मागून सांगतो, आधी त्याला विचारा, माझ्या क्लचला झालंय काय.

धर्मराजने होनरावांना सांगितलं की काहीही झालेलं नाही. सकाळपासून इतक्या गाड्या बघितल्या, पण नवी मुंबईत याच्यासारखा क्लच नाही. रांगेतल्या सगळ्यांनी हे ऐकलं. माना हलल्या. मागचे लोक बघायला पुढे आले.

"साहेब," नामा म्हणाला, "त्याला सांगा, गाडी पळत नाय. मी हितपर्यंत ढकलत आनलीय."

मग पावतीवाल्याने नामाला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. गाडी खरंच दोन हमालांनी ढकलून रांगेत लावली होती. नामाच्या क्लचमधली स्प्रिंग तापून तापून मेली होती, म्हणून पेडलात जोर उरला नव्हता, आणि म्हणूनच ते लोण्यासारखं जात होतं. सगळ्या मार्केटात जो एकच क्लच पार गेलेला होता, तोच शिबिराच्या इंजिनिअरने पहिल्या नंबराचा ठरवला होता.

ही बातमी रांगेत मागे मागे सरकत गेली. तापट क्लचवाला म्हणाला की मग माझा तापट नसेल. चप्पल बदलायला निघालेला माणूस परत आला. कुणीतरी कंपनीचं ओळखपत्र मागितलं. टोमॅटोवाल्याने गाजावाजा न करता आपलं क्रेट उचललं. होनरावांनी उभं राहून समजावण्याचा प्रयत्न केला की आम्ही कधीच कंपनीचे आहोत असं म्हटलं नव्हतं, आम्ही फक्त एक प्लेट घ्यायला निघालो आहोत. त्याने गोष्ट आणखी बिघडली.

नामा मात्र शेवटी भाऊच. माणसं धर्मराजकडे निघालेली दिसताच तो पलीकडच्या दाराने आत चढला आणि हळूच म्हणाला, "चाल."

धर्मराजने चावी मारली. इंजिन सुरू झालं. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, रेस दिली. गाडी गरजली, निळा धूर सोडला, आणि आठवडी बाजारात नातेवाईक भेटलेल्या बाईसारखी रेंगाळत पुढे सरकली.

पाठलाग करणाऱ्यांना धावावं लागलं नाही. ते बरोबरीने चालत होते. काहीजण तर मध्येच थांबून चहा घेऊन आले. कांदेवाला खिडकीला हात टेकून चालत होता आणि विचारत होता की माझ्या केबलीचं सांगितलंत ते तरी खरं की नाही. धर्मराजने पुढे बघतच सांगितलं की ते खरं होतं. तसा कांदेवाल्याने बाकीच्यांना सांगितलं की माणूस इतका काही वाईट नाही. मेव्हण्याचा टेम्पो दाखवलेल्या पावतीवाल्याने त्याला दुजोरा दिला. गेटापाशी थोडा चढ होता. तिथे गाडी अडली आणि मागे यायला लागली. तेव्हा जे तिला धरायला आले होते त्यांनीच तिला मागून ढकललं, कारण ती अंगावर येत होती. एकदा ढकलायला लागल्यावर कुणाला मध्येच सोडवेना. मोठ्या रस्त्यापर्यंत त्यांनी पिकअप आणून दिली आणि पुढच्या वेळी येताना ओळखपत्र घेऊन या, असं सांगून परत गेले.

पुढे सपाट रस्ता होता. गाडी मरतमरत सर्व्हिस रोडने निघाली. मागून होनराव स्कूटरवर येत होते. इतक्या सावकाश स्कूटरचा तोल सांभाळता येत नव्हता, म्हणून ते दोन्ही पाय जमिनीला लावून चालवत होते. ते चालत होते असंच म्हटलं पाहिजे.

केबिनमध्ये दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले होते. नामा रस्त्याकडे बघत नव्हता, तो धर्मराजच्या डाव्या पायाकडे बघत होता. प्रत्येक चौक आला, गल्ली आली, कुणी रिक्षा आडवी घातली, की धर्मराजचा पाय पेडलवर जाऊन अर्ध्यावर थांबायचा. जावं की थांबावं. मग पुढे दुसरी रिक्षा यायची आणि पाय तिथेच राहायचा. धूर वाढायचा.

"पाय काढ," नामा म्हणाला.

धर्मराजने काढलाय म्हटलं.

"नाय काढला. अर्धा हाय. दाबायचा तर दाब, सोडायचा तर सोड. तू जन्मभर हाफ क्लचवरच हायस."

धर्मराजला राग यायला हवा होता. त्याने खाली पाहिलं. पाय खरंच अर्ध्यावर होता, त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. त्याने तो उचलून बाजूला ठेवला. त्याला एकदम मोकळं मोकळं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. मग त्याने विचारलं की मामी कशी आहे. नामाने सांगितलं की गुडघे सोडून बरी आहे. जुईनगर येईपर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्यांचे गुडघे, कंबरा आणि सुना विचारून घेतल्या.

दत्तूने दोन पिकअप एकीशेजारी एक उभ्या केल्या. नामाची गाडी कशी इथवर आली असेल याचं त्याला नवल वाटलं, पण त्याने कारण विचारलं नाही. त्याने आधी नामालाच विचारलं की कुठली टाकू. नामाने हात वर केले. मार्केटात शिबिर बघून तो त्यासाठीच तर रांगेत लागला होता.

"साधी टाक," धर्मराज म्हणाला. लगेच म्हणाला, श्वासही न घेता. नामा दिवाळ्याहून बेलापूरच्या बाजारात मासळी नेतो, ओझं फार नाही, चढ नाही, पाय हलका आहे. त्याला लोडवालीची गरज काय.

दत्तूने मान डोलवली आणि धर्मराजकडे वळून विचारलं, तुझ्या गाडीत?

धर्मराजने दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाला की माझं तसं सोपं नाही. माझ्या गाडीत कधी बर्फ, कधी मंडपाचे बांबू. आणि जावई म्हणत होता. होनरावांनी सुचवलं की पनवेलला दुकानदार ओळखीचे आहेत, तिथलं एक मत घेता येईल. दत्तूने पान्हा खाली ठेवला.

"बटनवाली टाक ह्याला," नामा म्हणाला.

दत्तूने सावध केलं की ती हिसके मारते, त्यात मधलं काही नसतं, लागते नाही तर सुटते. नामा म्हणाला, म्हणूनच.

सगळ्यांना वाटलं, आता धर्मराज काहीतरी बोलेल. त्याने तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की प्रश्नच उरलेला नाही. कुणीतरी उत्तर देऊन टाकलं होतं. त्याने हळूच तोंड मिटलं आणि टपरीवर जाऊन चौघांना चहा सांगितला.

शुक्रवारी सकाळी गाडी दारात होती. सगुणाने टोप, शेगड्या, पिंपं आणि कोळंबीच्या कालवणाचं मोठं पातेलं मागे चढवलं. पातेलं धरायला होनरावांना बसवलं. त्यांनी मदतीला येण्याचं कबूल केलं होतं, पण पातेलं धरण्याचं नव्हतं. सगुणा पुढे बसली. धर्मराजने गिअर टाकला आणि सवयीने पाय अर्ध्यावर आणला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. सगुणाचा पदर डॅशबोर्डवर गेला. तिने तो सावकाश उचलून खांद्यावर घेतला आणि विचारलं की हे काय टाकून आणलंय. तो म्हणाला, नामाने टाकलंय. इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या तोंडून नामाचं नाव ऐकून ती पुढचं बोलायची थांबली. मग म्हणाली, बरं, चला.

करावे ते सीवूड्स हे अंतर तसं काहीच नाही. गाडी उड्या मारत गेली. सिग्नलला उडी, गतिरोधकाला उडी, वळणावर दोन. मागून होनरावांचा आवाज येत होता, आधी सूचना होत्या, नंतर नुसता आवाज. पण धर्मराजला चौकाचौकात एक गोष्ट समजत गेली. आता मधे राहताच येत नव्हतं. एक तर थांबायचं, एक तर जायचं. रिक्षा आडवी आली की तो थांबायचा, नाही तर निघायचा, आणि निघालं की निघालं. सीवूड्सच्या पुलाखाली त्याने दोन बस आणि एक पाण्याचा टँकर यांच्यामधून गाडी काढली, आणि सगुणाने त्याच्याकडे लग्नातल्यासारखं वळून बघितलं.

मैदानाच्या तोंडाशी संयोजक उभे होते. स्टॉलवाल्यांच्या गाड्या डाव्या फाटकाने न्यायच्या की उजव्या, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. त्यांनी धर्मराजला हात करून हळूहळू पुढे यायला सांगितलं, आमचं ठरतंय. गाडीला हळूहळू येता येत नव्हतं. धर्मराजने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि पाय सोडला.

पिकअप सरळ गेली. कमानीखालून तीन उड्यांत आत शिरली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, लाल सतरंजीवरून, आणि थेट व्यासपीठापाशी जाऊन बंद पडली. माइकवर निवेदिका क्षिप्रा पाहुण्यांची वाट बघत होती. समोर गाडी बघताच तिने सराईत आवाजात जाहीर केलं की आपल्या पारंपरिक भोजनाचं आगमन झालेलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या हौद्यातून केसांना कालवण लागलेले होनराव उभे राहिले, तेव्हा टाळ्या वाढल्या. त्यांनी हात हलवला. दुसरं काय करणार.

संयोजकांनी गाडी मागे घ्यायला सांगितली. धर्मराजने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती व्यासपीठाच्या पायऱ्यांकडेच उडाली. मग कुणी आग्रह केला नाही. सगुणाने हौद्याची फळी पाडली, शेगड्या मांडल्या आणि तिथेच भाकऱ्या थापायला घेतल्या. मैदानात सगळ्यांच्या नजरेत येणारी जागा तीच होती. दुपार उलटायच्या आत कालवण संपलं. नामा आपल्या गाडीतून ताजी कोळंबी घेऊन आला. त्याची गाडी कशी पाण्यासारखी आली, हे धर्मराजने उभं राहून बघितलं आणि त्याला चार शब्द सुनावले. नामाने उलट आठ सुनावले. मग दोघं शेजारी बसून कोळंबी सोलायला लागले.

ऊन उतरल्यावर सामान आवरून झालं. सगुणाने होनरावांना डब्यात कालवण आणि भाकरी बांधून दिली आणि गाडीत बसा म्हणाली, घरी सोडतो. होनराव म्हणाले की नको, जवळच तर आहे, शिवाय डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ते डबा हातात धरून फुटपाथने निघाले. थोड्या वेळाने पिकअप उड्या मारत त्यांच्या बाजूने पुढे गेली. सगुणा एका हाताने डॅशबोर्ड धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने त्यांना बाय करत होती, आणि तो हात गाडीबरोबर वरखाली होत होता.